क्रीडा-संवाद : बलाढ्य संघापुढे गुण का आटतात?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी फोंड्यातील एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला शिकते आणि आमच्या बास्केटबॉल संघात गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे नेणारी खेळाडू म्हणून, खेळते. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत माझ्या नावावर बहुतेक वेळा 18-20 गुण लागतात. गेल्या मोसमात विद्यापीठाच्या संघात माझी निवड झाली आणि पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायला मिळाले. तिथे पहिल्याच सामन्यात मी 4 गुणांवर अडकले. समोरची मुलगी सतत माझ्या उजव्या हाताला चिकटून उभी राहायची, मी कडेला चेंडू घेतला की दुसरी धावून यायची, आणि ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणे) थांबला की मला आपल्यातले कोणी दिसेनासेच व्हायचे. परत आल्यावर गोव्यातल्या सर्वांत तगड्या महाविद्यालयाशी खेळतानाही तेच झाले. सर म्हणतात, दडपण घेऊ नकोस. आई म्हणते, दृष्ट लागली. माझा शॉट बिघडला आहे का? तो बदलून घ्यावा का? की माझी कुवतच एवढी आहे?
— एक खेळाडू, फोंडा

उत्तर : शॉट बदलू नका. ज्या शॉटवर तुम्ही इतर संघांविरुद्ध 18-20 गुण करता, तो एका स्पर्धेत बिघडत नाही. आणि अंतिम वर्षात, मोसमाच्या मध्यावर मनगटाची ठेवण बदलायला घेतली, तर सोप्या सामन्यांतले गुणही हातचे जातील.

तुमच्या पत्रातच तुमच्या अडचणीचे बरेचसे उत्तर आले आहे. उजवी बाजू बंद झाली, कडेला दुसरी बचावपटू आली आणि ड्रिबल थांबल्यावर पास सुचला नाही, या तीनही तक्रारींमध्ये नेम चुकल्याचा उल्लेख नाही. तिन्ही ठिकाणी तुमचा वेळ कमी पडला आहे. दुबळ्या संघाविरुद्ध चेंडू हातात आल्यावर पाहायला, दोन ड्रिबल घ्यायला आणि पाय नीट रोवायला उसंत मिळते. तगड्या संघाची खेळाडू चेंडू हवेत असतानाच निघते आणि तो तुमच्या हातात पडेपर्यंत अंगावर आलेली असते. मग तोच शॉट तुम्ही एक पाऊल लांबून, एका पायावर भार ठेवून, मागे झुकत घेता. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागून परततो आणि तुम्हाला वाटते की हात गेला. मुळात तो तुमचा नेहमीचा शॉट नव्हताच.

मोठमोठ्यांचेही असे होते. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमधला नामांकित नेमबाज स्टीफन करी हा आधी डेव्हिडसन या तिथल्या लहानशा कॉलेजकडून खेळत असे. 2006 मध्ये कॉलेजच्या पहिल्याच सामन्यात त्याने 15 गुण केले खरे, पण 13 वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती घालवला. पुढच्याच सामन्यात मिशिगनसारख्या मोठ्या विद्यापीठाविरुद्ध त्याने 32 गुण केले. दोन वर्षांनी, डिसेंबर 2008 मध्ये, पर्ड्यू विद्यापीठाविरुद्ध त्याचे 26 पैकी फक्त 5 शॉट पडले आणि डेव्हिडसन 76-58 असे हरले. त्याच मोसमात संपूर्ण अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलमध्ये सरासरीने सर्वाधिक गुण करणारा खेळाडूही तोच होता. तेव्हा एका सामन्यातल्या 4 गुणांवरून कुवत ठरवू नका. मात्र 18-20 या आकड्यावरूनही ठरवू नका. गोवा लहान आहे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खऱ्या अर्थाने कस पाहणारे संघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, आणि तुमच्या त्या गुणांतला काही वाटा समोरच्या ढिल्या बचावाचा आहे. तुमची खरी पातळी या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असेल.

आता उजव्या हाताकडे वळू. तुमची प्रतिस्पर्धी योगायोगाने उजवीकडे उभी नव्हती. चांगले संघ आदल्या दिवशी गॅलरीत बसून किंवा कोणीतरी मोबाइलवर घेतलेले चित्रण पाहून प्रत्येक खेळाडूबद्दल दोन-तीन गोष्टी टिपून ठेवतात: ही कोणत्या हाताने जाते, कुठून शॉट घेते, वैतागली की काय करते. तुमच्याविषयी त्यांना बहुधा एकच ओळ लिहावी लागली असेल. ती ओळ निकामी करायची, तर डाव्या हाताने नुसते ड्रिबल येऊन भागत नाही, कारण ड्रिबल येतो पण शेवट करता येत नाही हे बचावपटूला दुसऱ्या खेपेलाच कळते. डाव्या हाताने ले-अप (धावत जाऊन रिंगजवळून टाकलेला शॉट) टाकता आला पाहिजे, डाव्या हाताने एकहाती पास देता आला पाहिजे, आणि डावीकडे दोन ड्रिबल घेऊन दोन्ही पायांवर एकदम थांबून, पिव्हट करून (एक पाय जागेवर रोवून दुसऱ्याने वळून) उजवीकडे परतता आले पाहिजे. यांतली तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. जी बचावपटू तुम्हाला डावीकडे ढकलण्यात गुंतली आहे तिचा तोल त्याच बाजूला गेलेला असतो, आणि थांबून वळलेल्या खेळाडूला तीच उजवी बाजू मोकळी सापडते.

हा सराव एकटीने, बचावपटूच्या जागी प्लास्टिकचे शंकू ठेवून करण्यात फारसा अर्थ नाही. संघातल्या एखाद्या मैत्रिणीला अर्धे पाऊल तुमच्या उजवीकडे उभे राहायला सांगा. चेंडू मिळाल्यापासून फक्त दोन ड्रिबल आणि तीन सेकंद, त्यात शॉट किंवा पास झालाच पाहिजे, असा नियम ठेवा आणि सेकंद मोठ्याने मोजायला तिसरी कोणीतरी असू द्या. पहिला आठवडा फार केविलवाणा जाईल. डाव्या हाताचा ले-अप बोर्डाच्या भलत्याच कोपऱ्यावर आदळेल आणि मुली हसतील. जमल्यास मुलांच्या संघातल्या एखाद्या लांब हातांच्या खेळाडूला बचावाला उभे करा. तुमचा हात ज्या उंचीवर चेंडू सोडतो तिथे त्याचा पंजा पोहोचतो आणि चेंडू लवकर किंवा अधिक कमानीने सोडण्याची सवय आपोआप लागते. मात्र चेंडू महिलांसाठी असलेला 6 क्रमांकाचाच वापरा. मुलांच्या 7 क्रमांकाच्या चेंडूवर सराव करून सामन्यात 6 क्रमांकाचा हाती घेणे, हा आपल्याकडे सोयीपोटी नेहमी होणारा प्रकार आहे आणि तो हाताचा अंदाज बिघडवतो.

दुसरी अडचण कडेची. साइडलाइन ही प्रतिस्पर्ध्यांची फुकटची सहावी खेळाडू असते, आणि तुम्ही मध्यरेषा ओलांडून लगेच कोपऱ्यात थांबलात तर मध्यरेषा सातवी होते, कारण पुढे नेलेला चेंडू मागे आणता येत नाही. म्हणून कडेपासून हातभर अंतरावर चेंडू घेऊच नका. पास मिळण्याआधी बचावपटूला रिंगच्या दिशेने दोन पावले ओढून न्या, मग झटकन बाहेर या आणि अशा ठिकाणी चेंडू घ्या की तुमच्या दोन्ही बाजूंना जागा उरेल. तरीही दुसरी मुलगी धावून आली, तर साधा हिशेब लक्षात ठेवा: तुमच्यावर दोघी आल्या म्हणजे उरलेल्या तिघींना तुमच्या चौघींकडे पाहायचे आहे. कोणीतरी मोकळे आहेच. प्रश्न एवढाच की तुम्ही पास कधी देता. दुसरी येऊन पोहोचल्यावर दिलेला पास तिच्या पसरलेल्या हातांवर जातो. ती आपली जागा सोडून निघते त्याच क्षणी दिलेला पास तिने सोडलेल्या जागेत जातो. तेवढे साधले नाही, तर मागे सरकत दोन ड्रिबल घ्या. दोघी तुमच्या मागे ताणल्या जातात आणि पासची वाट दिसू लागते.

या बाबतीत सगळा भार तुमच्या एकटीवर नाही, आणि ही गोष्ट तुमच्या सरांनीही वाचावी असे मला वाटते. दोघींच्या वेढ्यातल्या खेळाडूला मध्यभागी, फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा, कोणी अडवू न शकणारा शॉट) रेषेजवळ धावून येणारी एक सहकारी लागते. ती आली नाही, तर वेढ्यातली मुलगी काय करणार? नोव्हेंबर 2008 मध्ये लोयोला (मेरिलँड) या संघाने करीवर संपूर्ण सामनाभर दोन खेळाडू लावून ठेवले. करी कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, त्याने जेमतेम 3 शॉट घेतले आणि त्याला एकही गुण मिळाला नाही. बाकीचे चौघे तिघांविरुद्ध खेळले आणि डेव्हिडसनने तो सामना 78-48 असा जिंकला. तुमच्यावर दोघी लावल्या जातात, हा तुमच्या संघासाठी फायद्याचा सौदा आहे. तो पदरात पाडून घ्यायची तयारी संघाने करायची असते, आणि तिचा उत्तम सराव म्हणजे पाच जणींनी सात बचावपटूंविरुद्ध खेळणे. गोंधळ माजतो, पण स्पर्धेत पाच बचावपटू विरळ वाटू लागतात.

ड्रिबल थांबल्यावर कोणी दिसत नाही, ही तिसरी तक्रार बरीचशी पहिल्या दोन्हींतून जन्मते. तरीही एक सवय लावून घ्या. कारण असल्याशिवाय ड्रिबल उचलू नका, म्हणजे चेंडू हातांत धरून थांबू नका. आणि उचललाच, तर चेंडू हनुवटीखाली धरून, कोपरे बाहेर काढून पिव्हट करा. जवळून अडवलेल्या खेळाडूला पास, शॉट किंवा ड्रिबलसाठी 5 सेकंद मिळतात. घाबरलेल्या खेळाडूला ते एकच वाटते. आधी मध्यभागी पाहा, मग विरुद्ध बाजूला, आणि ज्या बाजूने वेढा आला तिकडे सर्वांत शेवटी. बहुतेक मुली नेमके उलट करतात, कारण धोका दिसतो तिकडेच डोळे खिळतात.

दडपणाबद्दल माझे मत तुमच्या सरांहून थोडे निराळे आहे. पहिले दोन चेंडू हातचे गेल्यावर दडपण येते. ते चेंडू का गेले याचा उपाय केला, तर त्याची तीव्रता पुष्कळ उतरते. ‘दडपण घेऊ नकोस’ या सूचनेवर खेळाडूने कोर्टवर नक्की काय करावे, हे मला आजवर उमगलेले नाही. आईंना मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या असतील तर खुशाल ओवाळू द्या, त्याने डाव्या हाताच्या सरावात काही खंड पडत नाही.

पायांचा विषय मात्र राहून चालणार नाही. आपल्याकडे सोप्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरमध्येच संघ इतका पुढे असतो की मुख्य खेळाडूंना बाकावर बसवतात. त्यामुळे चौथा क्वार्टर दमलेल्या पायांनी कसा खेळायचा, हे तुम्ही मोसमभर शिकतच नाही, आणि विभागीय स्पर्धेत एका दिवसाआड किंवा लागोपाठ सामने आले की शॉट आखूड पडू लागतात. कोर्ट 28 मीटर लांब असते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येण्याच्या दोन वेगवान धावा घ्या आणि धाप लागलेली असतानाच दोन फ्री थ्रो घ्या. असे सात-आठ वेळा करा. आपली दमट हवा इथे उपयोगी पडते, फक्त पाणी आणि मीठ-साखर जवळ ठेवा. पावसाळ्यात उघडी कोर्टे शेवाळतात आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत बऱ्याच महाविद्यालयांचा सराव बंदच पडतो. तेव्हा जिन्यावरची चढउतार आणि व्हरांड्यातला डाव्या हाताचा ड्रिबल यांवर भर द्या. निसरड्या कोर्टवर थांबण्या-वळण्याचा सराव करून घोटा मुरगळून घेऊ नका.

फ्री थ्रोचा आग्रह मी सहज धरलेला नाही. बोर्डापासून 4.6 मीटरवरच्या त्या रेषेवर उभे राहिल्यावर प्रतिस्पर्धी कितीही बलाढ्य असला तरी त्याचा हात तुमच्यापर्यंत येत नाही. एका क्वार्टरमध्ये संघाच्या पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळू लागतात. अंगाला चिकटून खेळणारा संघ फाउलही भराभर करतो. क्वार्टरच्या सुरुवातीला रिंगकडे धडक मारत राहिलात, तर पहिले दोन-तीन शॉट अडवले गेले तरी शेवटच्या चार मिनिटांत त्याची वसुली होते.

प्रश्न : माझा मुलगा डिचोलीत राहून पणजीच्या महाविद्यालयात जातो. उंची 6 फूट 2 इंच. गोव्यात रिंगखाली त्याला कोणी अडवू शकत नाही, पण राज्याबाहेर साडेसहा फुटांची मुले समोर आली की त्याचे शॉट अडवले जातात. प्रशिक्षक म्हणतात, जिममध्ये जाऊन अंग कमवावे. काही जण म्हणतात, पुण्याच्या किंवा चेन्नईच्या महाविद्यालयात घालावे. आम्ही काय करावे?
— एक पालक, डिचोली

उत्तर : आपल्या मुलाची अडचण फोंड्याच्या मुलीसारखीच आहे, तिला वेळ कमी पडतो, याला उंची. रिंग सगळीकडे 3.05 मीटरवरच असते. गोव्यात तो हात वर करून चेंडू टाकतो आणि गुण होतो, म्हणून त्याला पायांचे काम शिकण्याची गरजच पडली नसणार. साडेसहा फुटांच्या खेळाडूला उंचीने हरवता येत नाही, पण शॉटचा आभास करून त्याला उडवता येते आणि तो खाली येईपर्यंत त्याच्या बाजूने पाऊल टाकून आत जाता येते. रिबाउंडच्या वेळी, म्हणजे हुकलेल्या शॉटचा परतणारा चेंडू घेताना, वर पाहत उभे राहण्याऐवजी आधी कंबर खाली घेऊन प्रतिस्पर्ध्याला पाठीवर धरावे लागते. याखेरीज रिंगपासून चार-साडेचार मीटरवरून उभ्याउभ्या घेतलेला शॉट त्याच्याकडे असायलाच हवा, कारण तो पडू लागला की उंच खेळाडूला रिंग सोडून बाहेर यावे लागते आणि त्याची उंची तिथे निम्मी निरुपयोगी ठरते.

जिम अवश्य असावी, पण दंड-छातीच्या आधी मांड्या आणि कंबर, आणि तीही जाणकाराच्या देखरेखीखाली. महाविद्यालय बदलण्याबाबत स्पष्ट लिहितो: केवळ बास्केटबॉलसाठी पदवीच्या मध्यावर हलवू नये. मोठ्या शहरातल्या तगड्या संघात त्याच्या उंचीची पाच-सहा मुले असतील आणि तो दोन वर्षे बाकावर बसेल. बाकावर बसून सामना शिकता येत नाही. सुट्टीत तिथल्या एखाद्या क्लबच्या सरावाला महिनाभर पाठवणे आणि इथे संध्याकाळी पणजी-मडगावच्या जुन्या विद्यापीठपटूंबरोबर खेळवणे, यांत खर्च कमी आणि फायदा अधिक आहे. ते जुने लोक वेगात मागे पडतात, पण कोपर कुठे ठेवावे आणि पंचाची पाठ फिरली की काय करावे, हे त्यांना पक्के ठाऊक असते. त्यातले पहिले शिकावे.

प्रश्न : मी म्हापशातील एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक आहे. निवडीच्या वेळी दुबळ्या संघांविरुद्ध गुणांचा डोंगर रचणारे खेळाडू पुढे जातात, असे दिसते. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याची ताकद हिशेबात कशी धरतात?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : तिथे कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणारी एनसीएए ही संस्था 2018-19 च्या मोसमापासून पुरुषांच्या संघांसाठी ‘नेट’ नावाची क्रमवारी वापरते आणि तिच्या आधारे प्रत्येक सामना चार गटांत टाकते. पहिल्या गटात, म्हणजे ‘क्वाड 1’ मध्ये, पहिल्या 30 संघांशी घरच्या मैदानावर, पहिल्या 50 संघांशी त्रयस्थ मैदानावर किंवा पहिल्या 75 संघांशी त्यांच्या मैदानावर झालेला सामना मोडतो. 70 व्या क्रमांकाच्या संघाला त्याच्या घरी हरवणे आणि 25 व्या क्रमांकाच्या संघाला आपल्या घरी हरवणे या दोहोंना तिथे एकाच तोलाचे मानतात, ही त्यातली मला आवडलेली गोष्ट. ही मोजणी संघांची आहे, पण निवड समितीचे सदस्य, वार्ताहर आणि व्यावसायिक संघांचे निरीक्षक खेळाडूचे आकडेही तशा सामन्यांपुरते वेगळे काढून पाहतात.

आपल्याकडे एवढे सामनेच होत नाहीत, त्यामुळे क्रमवारीचे गणित मांडण्यात अर्थ नाही. साधी वही पुरेशी आहे. मोसमातले प्रतिस्पर्धी तगडे, बरोबरीचे आणि दुबळे असे तीन भागांत वाटा, आणि ही वाटणी मोसम सुरू होण्यापूर्वी करा, कारण निकाल लागल्यावर केलेली वाटणी आपल्या लाडक्या खेळाडूच्या सोयीने होते. प्रत्येक भागात गुणांबरोबर घेतलेले शॉट, हातचे गेलेले चेंडू आणि त्याने अडवलेल्या प्रतिस्पर्ध्याने केलेले गुण लिहा. शेवटचा रकाना भरायला एखादा विद्यार्थी खास बसवावा लागतो, तेवढी तोशीस घ्या. जो खेळाडू तगड्या संघापुढे 8 गुण करतो, दोनदाच चेंडू घालवतो आणि समोरच्या मुख्य खेळाडूला 6 गुणांवर रोखतो, तो दुबळ्यांविरुद्ध 25 गुण करणाऱ्यापेक्षा विभागीय स्पर्धेत अधिक उपयोगी पडतो, हे त्या रकान्यावरून समितीला दाखवता येते. वही खेळाडूंना मात्र मोसम संपल्यावरच दाखवा. अधेमध्ये दाखवलीत, तर मुले रकाने भरण्यासाठी खेळू लागतात आणि अडवलेल्या प्रतिस्पर्ध्याचे गुण कोणाच्या नावावर लिहायचे यावरून ड्रेसिंग रूममध्ये तंटे होतात.